बोलत्या भिंतीचा कर्ता

१९१४ च्या सप्टेंबरात ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी आल्फ्रेड लीट नावाच्या चित्रकाराने एक चेहरा काढला. भरघोस मिशा, समोरच्याला जागच्या जागी खिळवणारी नजर, आणि कागदाच्या पातळीतून बाहेर येऊन बघणाऱ्याच्या छातीवर रोखलेले एक बोट. चेहरा लॉर्ड किचनेर यांचा होता. हे गृहस्थ आपल्याकडे अपरिचित नव्हते: १९०२ ते १९०९ या काळात ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते, आणि लष्करी कारभार कोणाच्या अखत्यारीत असावा या तंट्यात कर्झनसारख्या मानी व्हाइसरॉयलाही त्यांच्यापुढे हार खाऊन राजीनामा द्यावा लागला होता. चित्रातील मजकूर एवढाच, की तुमच्या देशाला तुमची गरज आहे. तीन वर्षांनी अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग याने तेच बोट अंकल सॅमच्या हाताला लावले, आणि समोर कोणाला बसवण्याऐवजी स्वतःचाच चेहरा, वय वाढवून व दाढी लावून, त्या राष्ट्रपुरुषाला बहाल केला. १९२० साली रशियात दिमित्री मूर याने ते बोट तांबड्या फौजेच्या शिपायाला देऊन, तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेस काय, असा सवाल भिंतीभिंतीवरून विचारला. साम्राज्य, प्रजासत्ताक आणि श्रमिकांची हुकूमशाही या तिहींची तत्त्वज्ञाने परस्परांच्या नरडीस लागलेली; बोट मात्र एकच. कलेच्या इतिहासकाराला येथे अनुकरणाचा माग काढावासा वाटेल. मला त्यात धर्मविचारातला एक जुना प्रश्न दिसतो. आपल्या कामाला निघालेल्या वाटसरूला ‘तू हे केले पाहिजेस’ असे सांगणारे हे कोण, आणि त्याचे म्हणणे त्या वाटसरूवर बंधनकारक का व्हावे?

आज्ञेचे शास्त्र मीमांसकांनी जितक्या बारकाईने रचले तितक्या बारकाईने ते अन्यत्र क्वचितच रचले गेले असेल. पैठणच्या एकनाथमहाराजांच्या वंशातील आपदेवांनी सतराव्या शतकात ‘मीमांसान्यायप्रकाश’ लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे यज्ञकर्माची वाक्ये होती, भिंतीवर डकवलेले कागद नव्हते. तरीही त्यांची चिकित्सा या कागदांना चपखल लागू पडते. वडीलधाऱ्या माणसाने मुलाला ‘गाय घेऊन ये’ म्हटले, की मुलगा उठतो. कारण ‘यांच्या मनात मी हे करावे असे आहे’ हे त्याला कळते. येथे प्रेरणा राहते ती बोलणाऱ्याच्या अंतःकरणात. परंतु वेद अपौरुषेय. त्याला बोलणारा नाही, म्हणून अंतःकरणही नाही. मग ‘यज्ञ करावा’ या वाक्यातली प्रेरणा राहणार कोठे? मीमांसक उत्तर देतात, ती शब्दातच राहते, आणि तिला ते शाब्दी भावना म्हणतात. पण नुसत्या शब्दाने आळशी मन हलत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून विधीच्या जोडीला अर्थवाद येतो. विहित कर्माची स्तुती करावयाची, निषिद्ध कर्माची निंदा करावयाची, देवदेवतांच्या कथा सांगावयाच्या, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘हे प्रशस्त आहे’ अशी बुद्धी उत्पन्न करून त्याला कर्माकडे ढकलावयाचे. अर्थवादातील कथा अक्षरशः खरी असलीच पाहिजे असा मीमांसकांचा आग्रह नाही. तिचे प्रामाण्य तिने विधीला दिलेल्या साहाय्यात आहे.

भित्तिपत्रकाची जडणघडण हीच. ठळक अक्षरांतली ओळ हा विधी, चित्र हा अर्थवाद. परंतु साम्याचा गाभा याहून खोल आहे. भिंतीवरील आज्ञा आपला वक्ता लपवते. ती किचनेरची म्हणावी तर चित्र काढतेवेळी किचनेरला कोणी विचारले होते असे दिसत नाही. लीटची म्हणावी तर लीटला सैन्यभरतीशी काय कर्तव्य. सरकारची म्हणावी तर सरकार हे नाव त्या चेहऱ्याच्या मागे कोठेच दिसत नाही. वाटसरूला वाटते, आपल्याशी कर्तव्यच बोलत आहे. ज्ञानेश्वरांच्या चालत्या भिंतीवर आणि वेद बोलणाऱ्या रेड्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्या समाजाला भिंत बोलू लागली याचे आश्चर्य वाटू नये, हे एक वेळ मान्य. पण त्या कथांत भिंत कोणी चालवली आणि रेड्याला कोणी बोलते केले हे पहिल्याच वाक्यात सांगितलेले असते. छापखान्यातून निघालेल्या भिंतीला तेवढा प्रामाणिकपणा परवडत नाही. तिचे सारे सामर्थ्य तिने उसन्या घेतलेल्या अपौरुषेयत्वात आहे, आणि माझ्या मते तिच्यातला दोषही तेथेच आहे.

याचे परिणाम त्याच महायुद्धात दिसून आले. इंग्लंडमध्ये त्या वेळी सक्तीची भरती नव्हती, म्हणून पार्लमेंटच्या सर्वपक्षीय भरती समितीने भित्तिपत्रकांचा मारा केला. त्यांतले १९१५ चे सॅव्हिल लमली याचे चित्र प्रसिद्ध आहे: युद्ध संपल्यानंतरचा एक सुखवस्तू दिवाणखाना, खुर्चीत बसलेला बाप, मांडीवरच्या पुस्तकात बोट घालून मुलगी विचारते आहे की बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलेत, आणि जमिनीवर मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतो आहे. हा शुद्ध निंदार्थवाद आहे. अजून न घडलेल्या लज्जेची आठवण आजच करून देणारे असे कपट मला अन्यत्र आढळलेले नाही. त्यात आज्ञेचा एक शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला पळावयास वाट नाही. पुढे जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि बोटाची जागा समन्साने घेतली. अर्थवाद संपला, हुकूम उरला. शत्रूच्या क्रौर्याच्या ज्या कथा चित्रांतून आणि वृत्तपत्रांतून पसरवल्या गेल्या होत्या त्यांतल्या कित्येकांचा खोटेपणा आर्थर पाँसन्बी याने १९२८ साली एका ग्रंथात उघड केला. आणि मग पुढल्या युद्धात जेव्हा खरोखरच अघोरी कृत्यांच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा त्यांवर विश्वास ठेवावयास पुष्कळ लोक धजेनात. अर्थवाद खरा असण्याची गरज नाही हा सिद्धान्त यज्ञमंडपात चालत असेल. मनुष्याने मनुष्याला उद्देशून रचलेल्या अर्थवादाला तो लावला की पुढच्या पिढीच्या कानांची किंमत मोजावी लागते.

कायद्याला ही गोष्ट तत्त्वज्ञांच्या आधी कळली असावी. आपल्या देशात १८६७ च्या छापखानाविषयक कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ घालण्याची सक्ती केली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या निवडणूक कायद्यात प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते छापलेच पाहिजेत असे कलम घालण्यात आले. पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ही जी ओळ असते ती कोणी वाचत नाही. पण तत्त्वतः तीच त्या कागदावरील सर्वांत महत्त्वाची ओळ होय, कारण तिच्यात भिंत आपले पौरुषेयत्व कबूल करते. इंग्रज सरकारचा हेतू अर्थात इतका उदात्त नव्हता. त्याला मुचलका लिहून घ्यावयास आणि जामीन जप्त करावयास माणूस हवा होता. म्हणूनच दुर्बळाने नाव न घालण्याला मी निराळ्या मापाने मोजतो. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ललितकला विद्यालयाचा ताबा घेऊन विद्यार्थ्यांनी रेशमी जाळीवरून जी शेकडो पत्रके छापली त्यांतल्या एकावरही चित्रकाराची सही नव्हती. कोणते चित्र छापावे हे सभेत ठरे, आणि ही पत्रके संग्रहालयात किंवा दिवाणखान्यात लावणे म्हणजे त्यांचा घात करणे होय, असे त्या मंडळींनी बजावून ठेवले होते. (ती आज संग्रहालयांतच आहेत.) पोलिसाच्या दंडुक्यापासून अंग वाचवण्यासाठी घेतलेला बुरखा वेगळा, आणि दंडुका ज्याच्या हाती आहे त्याने घेतलेला बुरखा वेगळा.

या बाबतीत मीमांसकांचे प्रतिपक्षी जे नैयायिक, त्यांचा पक्ष मला अधिक सुरक्षित वाटतो. शब्दाचे प्रामाण्य त्यांच्या मते बोलणाऱ्यावर अवलंबून आहे. जो आप्त आहे, म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचेच वचन प्रमाण. आता आप्ताची परीक्षा करावयाची तर त्याला उलट प्रश्न विचारता आला पाहिजे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजी गावोगाव हिंडून सरकारच्या सैन्यात भरती व्हा म्हणून सांगू लागले, तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी थोड्याच काळापूर्वी साराबंदीच्या लढ्यात त्यांना गाड्या आणि माणसे पुरवली होती तेच आता अंग चोरू लागले, आणि तुम्ही अहिंसेचे उपासक, मग शस्त्र घ्या असे आम्हाला कसे सांगता, असे त्यांना तोंडावर विचारू लागले. भरती फारशी झाली नाही. गांधीजी दगदगीने अंथरुणाला खिळले. राजकारणाच्या हिशेबाने हा प्रसंग फसलेल्या मोहिमेत जमा होईल. परंतु वचन आणि वक्ता यांची रुजुवात घालण्याचा श्रोत्याचा हक्क तेथे शाबूत राहिला, आणि भिंत नेमका तोच हक्क काढून घेते.

आपल्याच देशातले आपल्याच सरकारचे उदाहरण पाहावयाचे तर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवावा. आई, बाप, मुलगा, मुलगी यांचे चार हसरे चेहरे आणि खाली टोक केलेला तो त्रिकोण १९६० नंतरच्या दशकात खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांच्या, एस.टी. स्थानकांच्या आणि पंचायतींच्या भिंतींवर उमटला, आणि निरक्षरालाही कळणारे चिन्ह म्हणून त्याची वाखाणणी झाली ती रास्तच होती. त्या चित्रात कोणाचा द्वेष नाही, कोणाला लाज आणलेली नाही, आणि त्यामागचा लोकसंख्येचा प्रश्नही काल्पनिक नव्हता. परंतु १९७६ साल उजाडले, आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली बसून मास्तरांना, तलाठ्यांना व ग्रामसेवकांना शस्त्रक्रियांचे कोटे नेमून देण्यात आले. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर करण्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सर्व राज्यांच्या पुढे पाऊल टाकले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हे आपले नशीब. त्रिकोण तोच, रंग तोच. बदलला होता तो वक्ता, आणि तो बदलल्याचे भिंतीवर कोठेच दिसत नव्हते. हे वचन मला जबरदस्तीचे का वाटते याचे कारण शोधता असे ध्यानात येते की विधी सांगणाऱ्यांतले पुष्कळ जण त्या विधीच्या अधिकारकक्षेबाहेर होते. यज्ञाचा विधी ज्याला फळ हवे त्यालाच लागू असतो, फळ यजमानाचेच असते. येथे शस्त्रक्रिया एकाची आणि पूर्ण झालेल्या कोट्याचे फळ दुसऱ्याचे, असा व्यवहार झाला होता.

याच्या उलट टोकाला मी केट कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचे १९२४ चे पत्रक ठेवीन. ऑगस्ट १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर स्वेच्छेने सैन्यात जावयास निघाला. अल्पवयामुळे त्याला बापाची परवानगी हवी होती, बाप राजी नव्हता, आणि मुलाच्या वतीने नवऱ्याची मनधरणी केली ती केटने. ऑक्टोबरात पेटर बेल्जममध्ये मारला गेला. त्यानंतरची सारी वर्षे या बाईने स्वतःच्या त्या शब्दाशी झगडण्यात घालवली. १९१८ च्या शरदात, युद्ध हरत आल्यावरही आणखी तरुणांनी पुढे यावे असे आवाहन जेव्हा कवी रिचर्ड डेमेल याने केले, तेव्हा तिने जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला. आणि मग लाइपझिग येथील युवकमेळाव्यासाठी तिने ते चित्र काढले: विस्कटलेल्या केसांचा एक तरुण, डावा हात छातीवर, उजवा हात उंच, दोन बोटे शपथेच्या मुद्रेत वर केलेली, आणि खडूने भराभर लिहिलेली अक्षरे, की पुन्हा युद्ध नको. रोखलेल्या बोटाशी या वर गेलेल्या बोटांची तुलना करावी. शपथ घेणारा दुसऱ्याला काही सांगत नाही. तो स्वतःला बांधून घेतो, आणि पाहणाऱ्याला त्या बंधनाचा साक्षी करतो. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर हा विधी नाही, संकल्प आहे. आणि संकल्पात कर्त्याचे नाव, गोत्र, देश, काल सांगितल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. ते अक्षर कोणाचे आहे हे लाइपझिगच्या तरुणांना ठाऊक होते, आणि ते लिहिणारीने काय गमावले हेही.

दिमित्री मूर याच्याकडे पुन्हा वळणे येथे भाग आहे, कारण बोट रोखणाऱ्या त्याच हाताने दुसऱ्याच वर्षी दोन्ही हात वर केलेला एक म्हातारा काढला. १९२१ साली व्होल्गेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला होता. काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढऱ्या सदऱ्यातला अस्थिपंजर शेतकरी, आकाशाकडे फेकलेले हात, बाजूला मोडलेले एक कणीस, आणि एकच शब्द: मदत करा. पाणिनीने विधिलिङाचे जे अर्थ दिले आहेत त्यांत एका टोकाला विधी आहे आणि दुसऱ्या टोकाला प्रार्थना; एकाच क्रियारूपात हुकूमही मावतो आणि याचनाही. मूरची दोन चित्रे म्हणजे या सूत्राची दोन टोके होत. याचना पाहताना मन विरघळते, आणि विरघळावे हेच योग्य. तरी शंका राहतेच. अवर्षण होतेच, यादवी युद्ध होतेच. पण शेतकऱ्याचे धान्य बळजबरीने उचलून नेण्याचे जे धोरण १९२१ च्या मार्चपर्यंत चालू होते त्यानेही ती कोठारे रिती झाली होती. धान्य काढून घेणारी सत्ता आणि ‘मदत करा’ म्हणणारा कागद हे एकाच दौतीतले. म्हातारा खरा आहे. त्याच्या तोंडून बोलणारा कोण, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तरीही, एवढे सगळे लक्षात घेऊनसुद्धा, हे चित्र खोटे आहे असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

आता देवांविषयी. भित्तिपत्रकाने देवांना कामाला लावावे की नाही हा आपल्याकडचा नाजूक प्रश्न, आणि त्यात मीमांसा व भक्ती यांचा जुना झगडा नव्या वेषात उभा राहतो. मीमांसकांनी देवतेला कर्माचे अंग ठरवले आहे. कर्म प्रधान, देवता गौण, इतकेच काय, देवतेला शरीर आहे, ती हविर्भाग खाते, हेही शबरस्वामी मान्य करावयास तयार नाहीत. या मताने पाहिले तर गोरक्षणाच्या चळवळीने देवांना गाईच्या पोटात भरून छापले यात काहीच वावगे नाही. रविवर्मा छापखान्याने काढलेल्या चौऱ्याऐंशी देवतांच्या गाईचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. अंगभर देव, खाली दुधाचा लाभ घेणारी माणसे, आणि समोर पशूच्या मुखाचा, तलवार उगारलेला एक राक्षस. हा राक्षस कोण? काढणारे म्हणत, कलियुग. मुसलमानांना त्यात आपल्यावरचा आरोप दिसला. सरकारी दप्तरांत अशा चित्रांवरून झालेल्या वादांच्या नोंदी आहेत, आणि १८९३ च्या दंग्यांनंतर तो वाद केवळ चित्राच्या अर्थाचा राहिला नव्हता. वक्ता लपवण्याची जी युक्ती आपण पाहिली तिच्यावर येथे आणखी एक पूट चढतो: देव पुढे उभे केले, की मागचा माणूस दुप्पट दिसेनासा होतो. वारकऱ्याचे मन अशा चित्रापुढे अडखळावे असे मला वाटते. ज्या दैवताच्या हातात शस्त्र नाही, जे बोट दाखवत नाही, ज्याचे दोन्ही हात स्वतःच्याच कटीवर आहेत, त्याच्या उपासकाला देव हा दुसऱ्या कशाचे तरी साधन झालेला पाहणे जड जावे. जात नसेल तर तो वारीला कशासाठी जातो हे त्याने एकदा स्वतःला विचारावे.

हा आक्षेप केवळ सनातन्यांवर लागू होत नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलिस ठाण्यातील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडल्यावर १९८० पासून स्त्रियांची जी चळवळ उसळली, तिच्या पत्रकांवर काली आणि दुर्गा मोठ्या दिमाखाने अवतरल्या. उद्देश स्तुत्य होता. परंतु त्याच चळवळीतल्या फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी पुढे असा सवाल केला, की हिंदू देवतांच्या या प्रतिमा ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रियांना आपल्या कशा वाटाव्यात, आणि या प्रतिमा उद्या दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच हेतूने उचलल्या तर त्यांना अडवावयाचे कोणत्या तोंडाने. १९९० नंतरच्या वर्षांत तसे घडलेही. साधन म्हणून उभी केलेली देवता ज्याच्या हाती लागेल त्याची होते.

एवढे झाल्यावर कोणी विचारील, की मग आज्ञाच नसलेले भित्तिपत्रक संभवते काय. संभवते, आणि त्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, तेव्हा गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये बारडोलीजवळच्या हरिपुऱ्याला पुन्हा त्यांनाच बोलावले. हातकागदावर, मातीच्या रंगांत, नंदलालांनी ऐंशीच्या आसपास चित्रे रंगवली, आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या, त्या शेकड्यांनी भरल्या. ढोल वाजवणारा, पिंजारी, शिंपी, सुतार, चर्मकार, कांडण करणाऱ्या बाया, मल्ल, बैल आवरणारा गडी. एका कमानीखाली एक आकृती, दमदार रेषा, आणि अक्षर एकही नाही. सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली ज्या अधिवेशनात स्वराज्याचे ठराव व्हावयाचे होते त्याच्या वाटेवर ‘परदेशी माल टाका’ किंवा ‘तुरुंगात चला’ असे कोठे लिहिलेले नव्हते.

मीमांसक म्हणतील, नुसत्या सिद्ध वस्तूचे कथन निष्फळ; करावे असे सांगितल्याशिवाय वाक्याला प्रयोजन नाही. यावर शंकराचार्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: अंधारात सापाच्या भीतीने थरथरणाऱ्याला ‘ही दोरी आहे’ एवढे सांगितले की त्याची भीती जाते; त्याला काही करावयास सांगावे लागत नाही. हरिपुऱ्याच्या चित्रांचे सामर्थ्य या जातीचे आहे. सत्तर-ऐंशी वर्षे शाळेतून, कचेरीतून आणि साहेबाच्या नजरेतून ज्याला आपण अडाणी व हीन असल्याचे शिकवले गेले, त्या शेतकऱ्याने अधिवेशनाच्या मांडवात शिरताना आपलेच रूप कमानीत, देवाच्या जागी, पाहिले. तेथे देवतेला साधन केलेले नाही आणि माणसालाही नाही. मात्र येथे एक गोष्ट नोंदल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्या १९३६ साली फैजपूर सजले त्याच साली डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे आपले न झालेले भाषण छापून काढले होते. आणि नंदलालांचा चर्मकार कितीही देखणा असला, तरी तो गावाबाहेर का राहतो हे त्या कमानीत दिसत नाही. एका दोरीवरचा साप गेला. दुसऱ्या ठिकाणचा साप खराच होता, आणि खऱ्या सापाला नुसत्या दर्शनाने घालवता येत नाही, त्याला काठी लागते, म्हणजे विधीच लागतो.

हरिपुऱ्यानंतर पाचच वर्षांत बंगाल्यात दुष्काळ पडला. चित्तप्रसाद या तरुण कम्युनिस्ट चित्रकाराने मिदनापूर भागात पायी हिंडून भुकेल्या माणसांची काळी-पांढरी चित्रे काढली, ती ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने १९४३ साली छापली, आणि सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. त्या चित्रांतला विधी सरकारला लगेच वाचता आला. त्याच साली नंदलालांनी अन्नपूर्णेचे चित्र काढले. तिच्यापुढे भिक्षापात्र घेऊन उभा राहणारा शिव पुराणात आहेच. नंदलालांनी त्याचा अस्थिपंजर केला आणि त्याला नाचता ठेवला. गाईच्या चित्रात देव आज्ञेच्या पाठीशी उभे होते. येथे देवच उपाशी आहे, आणि अन्नपूर्णेने त्याला वाढले की नाही हे चित्र सांगत नाही. यातल्या कोणत्या चित्राने किती माणसे जगली याचा हिशेब मांडता येत नाही; मांडता आला तर बहुधा चित्तप्रसादांची बाजू जड भरेल, आणि भरावी असे मलाही वाटते. तरी एक खरे, की जप्तीचा हुकूम काढणाऱ्या अंमलदाराला नाचणाऱ्या त्या सांगाड्यावर कोणते कलम लावावे हे सहजासहजी सुचले नसते.